वांग्याच्या रश्श्यातला कोको

भरल्या वांग्याच्या रश्श्यात चहाचा सपाट एक चमचा कोको पावडर पडली, तर पहिल्या घासाला ती ओळखू येत नाही. आधी काळं तिखट येतं, मग कूट आणि तीळ, मग चिंचेचा आंबटपणा. घास गिळून झाल्यावर मात्र जिभेच्या मागच्या बाजूला एक गडद, किंचित कडसर चव मागे राहते आणि हात आपोआप पुढच्या भाकरीच्या तुकड्याकडे जातो. ती चव कोकोची. तिला चॉकलेट म्हणून कुणी ओळखणार नाही. लातूरकडचा जेवणारा फार तर एवढंच विचारेल, “मसाला जरा ठेवणीतला दिसतोय, कुठला?” कोकोला यापेक्षा मोठी दाद मला सुचत नाही.

नांदेड-लातूरच्या हंगामी भाज्या-फळांशी कोकोचं कसं जमतं, कुठं जमत नाही आणि का, हा माझ्या आवडीचा विषय आहे. त्यात शिरण्याआधी कोकोला साखरेपासून वेगळं काढायला हवं. आपल्या गावांत चॉकलेट आलं ते गोड होऊनच, किराणा दुकानातल्या बरणीतून, वाढदिवसाच्या केकवरून, मिठाईवाल्याच्या दुरंगी बर्फीतून. त्या बर्फीचा वरचा तपकिरी थर नीट चाखून पाहावा. खव्याचं दूध आणि साखर यांनी कोकोला इतकं गुंडाळलेलं असतं की उरतो फक्त रंग. कोकोची मूळ रीत अशी नव्हती. मेक्सिकोतले अझ्टेक लोक कोको पाण्यात घुसळून, फेस आणून, मिरची घालून पीत. साखर त्यात घातली ती स्पेनच्या लोकांनी. 1828 साली हॉलंडमध्ये व्हॅन हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, 1847 मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीनं खाण्याची वडी काढली आणि दुधाचं चॉकलेट तर 1875 च्या सुमाराचं. हजारो वर्षांचा कडू इतिहास आणि जेमतेम दीड-दोनशे वर्षांची गोड वडी, असा हा हिशेब आहे.

कोको हे भाजलेलं बी आहे, हे एकदा मनात ठरलं की पुढचं सगळं उलगडत जातं. फळ फोडलं की आत सीताफळासारख्याच पांढऱ्या, गोड-आंबट गरात गुंडाळलेल्या बिया असतात. त्या गरासकट पाच-सहा दिवस ढिगात किंवा लाकडी पेटीत आंबवतात. गराची आधी दारू होते, मग आंब होते, ढीग आतून पन्नास अंशांपर्यंत तापतो, बी मरतं आणि त्याच्या पोटात चवीची तयारी होते. आंबवल्याशिवाय कितीही भाजा, चॉकलेटचा वास येत नाही. मग उन्हात वाळवणं, मग भाजणं. भाजताना जी गंधद्रव्यं तयार होतात, त्यातली पायराझिन नावाची मंडळी भाजलेल्या तिळातही असतात, भाजलेल्या शेंगदाण्यातही आणि कॉफीतही. म्हणून कूट आणि तिळाच्या वाटणात पडलेला कोको परका वाटत नाही. आंबवण्याच्या दिवसांतला थोडा आंबटपणाही त्याच्यात शिल्लक असतो. तो पुढं चिंचेजवळ आल्यावर कामाला येणार आहे.

भाजलेल्या चवीचं मराठवाड्याला कुणी काही शिकवायची गरज नाही. येसर घ्या. गहू, हरभऱ्याची डाळ, कुठं ज्वारी किंवा तांदूळ, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं. धणे, जिरं, लवंग, दगडफूल, सुकं खोबरं, वाळल्या मिरच्याही भाजायच्या आणि बारीक दळून डबा भरून ठेवायचा. लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी आली की भाताची दुसरी वाढणी ठरलेली. या आमटीला दाटपणा येतो भाजलेल्या धान्यानं आणि खोली येते भाजलेल्या मसाल्यानं. आता मेक्सिकोतल्या पुएब्ला आणि ओआहाका भागांतलं ‘मोले’ पाहा. वाळल्या मिरच्या भाजायच्या, तीळ भाजायचे, शेंगदाणे-बदाम भाजायचे, दाटपणासाठी मक्याची भाकरी किंवा पाव भाजून वाटायचा, मनुका घालायच्या, कुठं पिकलं केळं आणि शेवटी थोडंसं चॉकलेट. ओआहाकाच्या काळ्या मोलेत तर मिरच्यांच्या बिया आणि भाकरी मुद्दाम काळी होईपर्यंत जाळतात. दोन्ही पातेल्यांची बांधणी एकच आहे. भाजलेलं धान्य, भाजलेलं बी, भाजलेली मिरची, वर आंबट-गोडाचा तोल. मोलेत चॉकलेट असतं ते येसरातल्या दगडफुलाइतकंच. नसलं तर चुकल्यासारखं होतं, जास्त झालं तर बिघडतं. या दोन स्वयंपाकघरांची गाठ आधी कधी पडली नाही याचं मला फार नवल वाटतं.

खरं तर अर्धी गाठ पडून गेलेली आहे. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, लाल भोपळा, पेरू, सीताफळ हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. यांतल्या मिरची आणि शेंगदाण्याशिवाय आज लातूरची चूल पेटायची नाही. धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात उभं राहून ही परदेशी वस्तू आहे असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. कोको याच घोळक्यातला, पण तो मागं राहिला. त्याला कारण हवामान. कोकोच्या झाडाला सावली हवी, दमट हवा हवी आणि वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस हवा. ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तिथं हे झाड जगायचं नाही. भारतात ते नांदतं केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूच्या नारळ-सुपारीच्या बागांत. मंगळूरची कॅम्पको ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था 1973 सालची. तिचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना 1986 मध्ये सुरू झाला. म्हणजे आपल्यासाठी कोको हा लवंग-दालचिनीसारखाच बाहेरून येणारा जिन्नस. त्याचा मान आणि मापही मसाल्याचंच असावं.

आता वांग्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त सांगण्यासारखं इथंच आहे.

थंडी पडली की काटेरी वांग्याला खरी चव येते. देठ टवटवीत, साल ताणलेली, आत बिया कोवळ्या. वांग्याच्या गराला स्वतःची ठसठशीत चव कमी असते. त्याचं मोठेपण पिण्यात आहे. तेल, मसाला, आंबट, जे द्याल ते तो पितो आणि शिजल्यावर मऊ होऊन परत देतो. शिवाय सालीत आणि बियांत एक बारीक कडसरपणा असतो. बहुतेक लोक तो मिठाच्या पाण्यात बुडवून घालवू पाहतात. कोकोच्या जोडीला तो ठेवावा असं माझं मत आहे. दोन कडू एकत्र आले की कडूपणा दुप्पट होईल अशी भीती वाटते. पण मीठ पुरेसं असेल तर तसं होत नाही, कारण मीठ जिभेवरचा कडूपणा दाबतं. उरतो तो गडदपणा.

आठ-दहा वांग्यांसाठी अर्धी वाटी शेंगदाण्याचा कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, चमचाभर कारळ, मूठभर भाजलेलं सुकं खोबरं, लसूण, काळं तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ, चिंचेचा कोळ. हे झालं नेहमीचं सारण. कोको या सारणात कोरडा कालवू नये. कोरडा कोको पाण्याला नीट घेत नाही, गुठळ्या होतात आणि पिठूळ चव राहते. त्याला तेल दाखवावं लागतं. करडईचं तेल तापवून मोहरी-जिरं तडतडलं, लसूण गुलाबी झाला, की गॅस अगदी बारीक करायचा, कोको तेलात सोडायचा आणि दहा-बारा सेकंद सतत हलवायचं. वास बदलतो. डब्यातला धुळकट वास जातो आणि भाजल्या बियांचा जड, गरम वास वर येतो. तिथंच काळं तिखट, तिथंच वांगी, लगेच पाण्याचा शिपका. यापेक्षा उशीर झाला तर कोको करपतो आणि करपलेल्या कोकोची राखेसारखी चव गुळानंही झाकली जात नाही. एकदा हे जमलं की पुढचं काम वांगं स्वतः करतं.

करडईच्या तेलाचं नाव मुद्दाम घेतलं. लातूर, नांदेड, परभणी हा करडईचा जुना मुलूख. परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी कुसुम’सारखं वाणही दिलं. घाण्याच्या करडई तेलाला एक सौम्य, कोरडा वास असतो. तो कोकोला वाट देतो. मोहरीचं तेल असतं तर ते पुढं पुढं करतं. शेंगदाण्याचं तेल चालतं, पण कूट आधीच असल्यानं सगळा रस्सा शेंगदाण्याचाच होऊन बसतो. करडईच्या तेलातला कोको स्वच्छ कळतो.

शिजलेल्या रश्श्याचं रूपही पाहण्यासारखं असतं. कोकोत पिष्ट आणि चोथा असतो, त्यामुळं रस्सा कूट न वाढवता दाटतो आणि वांग्याला धरून राहतो. वर येणारा तेलाचा तवंग लालभडक न होता काळपट तांबडा होतो. चवीचा क्रम मात्र सगळ्यात महत्त्वाचा. तिखट लगेच चढतं, चिंच मधे येते, गूळ ओळखू येऊ नये इतकाच असतो आणि शेवटी कोको. काळ्या तिखटाच्या झणझणीत रश्श्यात एरवी शेवटी फक्त आग उरते. कोको त्या आगीखाली जमीन घालतो. म्हणून तिखट तेवढंच असूनही जेवण शांत वाटतं. ज्वारीची भाकरी हवीच. पोळीचा गोडवा कोकोला मिठाईच्या बाजूला ओढतो. भाकरी त्याला मसाल्याच्या बाजूला ठेवते.

वांगं आणि चॉकलेट ही जोडी जगात आधीच आहे, हे सांगायला हवं. इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला अमाल्फीच्या किनाऱ्यावर 15 ऑगस्टच्या सणाच्या सुमारास तळलेल्या वांग्याच्या चकत्या चॉकलेटच्या पातळ सॉसमध्ये थरावर थर लावून, थंड करून, गोड पदार्थ म्हणून खातात. या पदार्थात वांग्याचा पिण्याचा गुण बरोबर हेरला आहे. तळलेली चकती चॉकलेट शोषून घेते आणि जवळजवळ केकसारखी होते. पण माझ्या जिभेला त्यात वांग्याचा मान कमी झालेला वाटतो. साखर आल्यावर वांगं फक्त पोत देतं, बोलत नाही. आपल्याकडच्या रश्श्यात वांगं वांगंच राहतं. या कामात काळं तिखट साखरेपेक्षा जास्त हुशार ठरतं असं मी ठामपणे म्हणेन.

दुसरा मोठा सोबती म्हणजे चिंच. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वेळी बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर हे लातूरचे आणखी दोन जिन्नसही त्या यादीत गेले. या तिघांची एकत्र आमटी कुणी केली तर तिच्याहून जास्त लातुरी पदार्थ शोधूनही सापडायचा नाही. माघ-फाल्गुनात नवी चिंच फुटते. नव्या चिंचेचा गर तांबूस, फळासारखा, आंबट असतो पण त्याच्या आत गोडवा लपलेला असतो. वर्षभर मीठ लावून ठेवल्यावर ती काळी पडते, फळाचा वास जातो आणि एक मुरलेला, मनुकेसारखा जडपणा येतो. कोकोशी पटतं ते या जुन्या चिंचेचं. दोघांच्याही अंगात मुरण्याचा गुण आहे, दोघांचाही रंग एकमेकांत बेमालूम मिसळतो आणि चिंचेचा धारदार आंबटपणा कोकोच्या जाड चवीला कापून मोकळं करतो.

इथं कोको कुठला घेता यानं फरक पडतो. बाजारात दोन प्रकारच्या पावडरी येतात. एक नैसर्गिक, फिक्या तांबूस रंगाची, अंगचा आंबटपणा राखलेली. दुसरी क्षार वापरून आंबटपणा मारलेली, गडद, जवळजवळ काळपट. हीच व्हॅन हाउटेनच्या घराण्यानं रूढ केली. चिंचेच्या पदार्थात नैसर्गिक कोको घातला तर दोन आंबट एकमेकांना चढवतात आणि आमटी जरा चिरकी होते. गडद पावडर घातली तर चिंच एकटी बोलते आणि कोको खालून साथ देतो. म्हणून चिंच-गुळाच्या आमटीला गडद पावडर आणि जिथं आंबट कमी आहे, म्हणजे भोपळा किंवा केळं, तिथं नैसर्गिक. लाल भोपळ्याच्या भाजीत, मेथीदाण्याच्या फोडणीवर, नैसर्गिक कोकोची चिमूट फार सुरेख बसते. भोपळ्याचा सरळसोट गोडवा त्यामुळं जरा गंभीर होतो. देगलूर-बिलोलीकडे, जिथं तेलंगणाच्या चवीचा शेजार आहे आणि चिंच-मिरचीचा हात सढळ आहे, तिथं चिंचेच्या पातळ सारात हा प्रयोग आणखी चांगला उतरतो. सार पातळ असल्यानं कोको अर्धाच घ्यायचा.

फळांकडे वळलं की सगळ्यांना पहिलं सीताफळ आठवतं. बालाघाटच्या डोंगररांगा बीडकडून लातूर-नांदेडकडे उतरतात आणि त्यांच्या खडकाळ उतारांवर सीताफळ मोकाट वाढतं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये मानांकन मिळालं, अंबाजोगाईला खास सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. दसरा-दिवाळीत टोपल्या भरून येतात. कोको आणि सीताफळ एकाच खंडातले, दोघांचा गर सारखा, तेव्हा जोडी जमेल असं कुणालाही वाटावं. मला ती जमत नाही असं वाटतं. सीताफळाचं सगळं वैभव त्याच्या वासात आहे आणि तो वास फार नाजूक आहे. डार्क चॉकलेटचा थर आला की तो दबतो, मागं फक्त रवाळ गोडवा राहतो. दुसरी अडचण त्याहून मोठी. सीताफळाचा गर शिजवला की कडवट होतो. म्हणूनच जाणत्या घरात रबडी पूर्ण गार झाल्यावरच त्यात गर मिसळतात. तो कडवटपणा कोकोच्या कडूपणासारखा खमंग नसतो, तो नुसता खटकतो. उकळत्या चॉकलेटमध्ये सीताफळ घालणाऱ्याला दोन्हीही गमवावे लागतात. सीताफळ झाडावरचं, चमच्यानं, नुसतं खावं. उजनीच्या बासुंदीबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. औसा तालुक्यातल्या त्या गावानं दूध आटवण्यात जे साधलं आहे, त्यात कोको घालून काही वाढणार नाही.

केळ्याचं उलटं आहे. नांदेडजवळचं अर्धापूर म्हणजे केळीच्या बागांचा पट्टा, इसापूरच्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला. नांदेडला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्रही आहे. केळ्याचा वास जाडजूड, पक्का, कोकोनं दबणारा नाही. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं उभं चिरून तव्यावर तुपात, कापलेली बाजू खाली करून भाजावं. साखर करपायच्या बेतात आली, कडा तपकिरी झाल्या, की वर मीठ, किंचित लाल तिखट आणि नैसर्गिक कोको चाळणीतून भुरभुरावा. गरम तुपात कोको तिथंच मिसळून जातो. साखर लागत नाही. पिकल्या केळ्यानं ती आपल्यासोबत आणलेलीच असते. मोलेत केळं का घालतात ते एका घासात समजतं. मिरचीचा कोरडेपणा आणि कोकोचा कडूपणा यांच्या मधे त्याचा गोड गर उभा राहतो आणि दोघांना भांडू देत नाही.

मोसंबी आणि जांभूळ यांच्याबद्दल थोडक्यात. युरोपात संत्रं आणि चॉकलेट ही जुनी जोडी आहे, पण मोसंबीत तो आंबटपणा नाही. तिचा सौम्य रस चॉकलेटसमोर पाणचट लागतो. जांभळाचा तुरटपणा आणि कोकोचा तुरटपणा एकत्र आले तर जीभ सुकते, आणि ते सावरायला इतका गूळ लागतो की मग जांभूळच उरत नाही.

हुरड्याशी मात्र कोकोचं फार चांगलं जमतं. पौषात ज्वारीची कणसं दुधाळ असतात, आगटीत भाजून हातावर चोळली की हिरवे, गरम, गोडसर दाणे निघतात. सोबत शेंगदाण्याची, तिळाची, कारळाची, जवसाची चटणी असते. या चटण्यांचं काम नीट पाहिलं तर ते भाजलेल्या काळ्या बियांनी हिरव्या दाण्याला आधार देण्याचं आहे. कारळाच्या जागी कोकोचे भाजलेले, साल काढलेले तुकडे घ्यावेत. ते आता पुण्या-हैदराबादच्या दुकानांत सहज मिळतात. खलबत्त्यात लसूण, सुक्या मिरच्या, जाडं मीठ आधी कुटावं, मग तीळ, मग कोकोचे तुकडे, तेही भरड. बारीक केले तर त्यांतलं लोणी सुटतं आणि चटणीचा लगदा होतो. भरड तुकडा दाताखाली फुटला पाहिजे. हुरड्याचा दाणा मऊ आणि ओला, हा तुकडा कडक आणि कोरडा. एकाची गोडी पाण्यातली, दुसऱ्याचा कडूपणा तेलातला. इतक्या साध्या पदार्थात इतका नेमका विरोध क्वचित सापडतो, आणि तो आगटीच्या धुरानं एकत्र शिवला जातो. कोकोचा सगळ्यात मराठवाडी अवतार मला तरी हाच वाटतो.

कोकोलाही आपल्याकडे हंगाम आहे, हे यातून ओघानंच आलं. कोकोचं लोणी साधारण चौतीस अंशांना वितळतं, म्हणून चॉकलेट तोंडात टाकलं की विरघळतं. चैत्र-वैशाखात लातूर-नांदेडचा पारा चाळीसच्या वर असतो. तेव्हा वडी दुकानातच वितळते, रात्री पुन्हा गोठते आणि तिच्यावर पांढरट बुरशीसारखी साय दिसू लागते. ती बुरशी नसते, वर आलेलं लोणी असतं. नुसतं खायला ती वडी रवाळ लागते, पण रश्श्यात वितळवायला तिच्यात काही खोट नाही. तरी वडीचं चॉकलेट वापरायचं तर कार्तिक ते माघ. सुदैवानं तूर, पावटा, वांगी, बोरं, गाजरं, हुरडा, सगळं याच दिवसांत येतं. उन्हाळ्यात पावडर आणि तुकड्यांवर भागवावं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एकच गोष्ट अशी येते की जिच्यासाठी मी कोको राखून ठेवतो. ती म्हणजे मोह. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळतात. गोंड, कोलाम, आंध कुटुंबांतल्या बायका-मुलं उजाडायच्या आत ती वेचतात. ताजं फूल फिकट पिवळं, रसाळ, अतिगोड असतं. वाळलं की तपकिरी होतं, मनुकेसारखं सुरकुततं आणि त्याला एक आंबूस, मादक वास चढतो. दारूमुळं या फुलाची बदनामी झाली, पण ते मुळात त्या घरांचं अन्न आहे. तीळ, ज्वारी यांच्यासोबत शिजवून किंवा कुटून खाल्लं जाणारं. मोहाच्या वासात आणि आंबवलेल्या कोकोच्या वासात मला खरं नातं दिसतं. दोन्ही गोडाच्या पलीकडे गेलेले, आंबून परत आलेले वास आहेत. वाळली फुलं निवडून, धुऊन, आतले केसर काढून थोडा वेळ भिजवावीत, निथळून तुपात परतावीत, भाजलेले तीळ आणि भरड कोको घालून जाडं मीठ टाकावं. गूळ-साखर काही नको. वाळल्या मोहात साखर भरपूर असते आणि कोको त्या साखरेला ताळ्यावर आणतो. ओंजळीपेक्षा जास्त खाववत नाही आणि तेवढंच पुरे असतं.

शेवटी येळवस, कारण हंगामी भाज्या शिजवण्याचं लातूरचं शिखर तेच. मार्गशीर्ष अमावस्येला गाव रिकामं होतं, शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते आणि भज्जी वाढली जाते. तुरीचे, पावट्याचे, वाटाण्याचे दाणे, सोलाणा, मेथी, पालक, कांद्याची पात, गाजर, बोरं, चिंच, ज्या घराची जी रीत ते सगळं एका पातेल्यात, डाळीचं पीठ लावून, लसूण-हिरव्या मिरचीवर शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, आंबील, खीर. या भज्जीत कोको घालून पाहावा का, असं मला अधूनमधून विचारलं जातं. घालू नये. भज्जीची सगळी चव कोवळेपणात आहे. शेंगेतून नुकता निघालेला दाणा, पाला, बोराचा हिरवा आंबटपणा. तिच्यात भाजलेल्या मसाल्याला जागा ठेवलेली नाही आणि ते विचारपूर्वक आहे असं मला दर वर्षी जाणवतं. काळं तिखटही जिथं येत नाही तिथं कोकोनं जाऊ नये. पण त्याच पानावर तिळाची पोळी असते. तिच्या सारणात भाजलेले तीळ आणि गूळ कुटताना वाटीमागे अर्धा चमचा कोकोचे तुकडे टाकून पाहावेत आणि वेलदोडा वगळावा. गूळ तव्यावर कडेला पाझरून करपतो, तिथं तिळाचा आणि कोकोचा भाजका वास एकत्र येतो, आणि पोळीची ती कडा मधल्या भागापेक्षा चांगली लागते.